पाहुणचाराचे पाणी

मे महिना उजाडला की गोमंतकातील घरे पुन्हा एकदा माणसांनी भरून जातात. मुंबईला, पुण्याला, बडोद्याला, बंगळूरला पोटापाण्यासाठी गेलेले मुलगे, सुना, लेकी, जावई आणि नातवंडे कोकण रेल्वेच्या गाड्यांतून आणि रात्रीच्या बसमधून उतरू लागतात. ओटीवर पिशव्यांचा ढीग पडतो, माजघरात पथाऱ्या पसरतात, आणि वर्षभर दोन म्हाताऱ्या माणसांच्या खोकल्यावाचून ज्या घरात दुसरा आवाज नसतो, तेथे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत गलका उठतो. कुलदेवतेपुढे नारळ ठेवायचा असतो, ओटी भरायची असते, कोणाचे लग्न, कोणाची मुंज याच दिवसांत उरकायची असते. मानकुराद आंब्याची आढी आणि फणसाचे गरे यांच्या वासाने भरलेली ही घरे पाहून ज्याला बरे वाटत नाही असा गोमंतकीय विरळा. आम्हांलाही ते प्रिय आहे. परंतु याच पंधरा-वीस दिवसांत त्याच घराच्या मागील दारी आणखी एक दृश्य दिसते, आणि त्याविषयी मात्र घरात कोणी चकार शब्द काढीत नाही.

पहाटेचे चार वाजलेले असतात. पाहुणे गाढ झोपेत असतात. घरची सून नळाखाली बादली लावून बसलेली असते. धार येते ती करंगळीएवढी, आणि तासा-दीड तासाने तीही तुटते. तेवढ्या वेळात न्हाणीतले भाण, स्वयंपाकघरातल्या कळशा, पिंप, घमेली, जे जे म्हणून पाणी धरू शकेल ते ते तिला भरून घ्यावयाचे असते. टाकीवर पाणी चढण्याइतका दाब नसतो, म्हणून तिला हातांनी नेऊन ओतावे लागते. आठ वाजता घर जागे होते. मुंबईचा पुतण्या दात घासताना नळ मोकळा सोडतो. जावईबापू तुषारस्नानगृहात पंधरा मिनिटे रमतात. मुले अंगणात एकमेकांवर पाणी उडवितात, आणि त्यांचे आजोबा ते कौतुकाने पाहत असतात. दुपारी जेवणाच्या ताटांचा ढीग पडतो त्या वेळी टाकी तळाला गेलेली असते. मग ती सून शेजारच्या घरी कळशी घेऊन जाते, किंवा टँकरवाल्याला फोन लावते. पाहुण्यांना यातले काहीच कळत नाही, कारण त्यांना कळू नये असाच साऱ्या घराचा प्रयत्न असतो.

हा प्रयत्न का असतो, ते समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे दारात आलेल्या माणसापुढे प्रथम ठेवतात ते पाणी. उन्हातून आलेल्याला गूळपाणी दिल्यावाचून कुशल विचारण्याची रीत नाही. शत्रूलाही पाणी नाकारू नये अशी शिकवण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, त्या घरातील यजमानाने पाहुण्याला “पाणी जरा बेताने वापरा” असे सांगावयाचे कसे? ते शब्द तोंडातून बाहेर पडताच आपण त्याला जड झालो, असे पाहुण्याच्या मनात येईल, ही भीती असते. वर्षातून एकदा येणारी लेक, तिला माहेरी अंग धुवायला दोन तांबे कमी घे म्हणावे, हे कोणत्या आईच्या जिवावर येणार नाही? म्हणून कोणी बोलत नाही. आणि न बोलण्याची किंमत घरातील जी व्यक्ती सर्वांत कमी बोलते तिच्याकडून वसूल होते.

सुट्टीच्या दिवसांत घरात पाणी वाचविण्याचा विषय निघाला की लोक नळाच्या चकत्या आणि कमी पाण्याची यंत्रे यांच्याकडे वळतात. त्यांचाही उपयोग आहे आणि त्याविषयी आम्ही पुढे लिहिणारच आहोत. परंतु मूळ अडचण यंत्राची नाही, संकोचाची आहे. हा संकोच आता सोडला पाहिजे, आणि तो घरच्या सुनेने नव्हे तर घरच्या कर्त्या पुरुषाने सोडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाहुणे आले त्याच संध्याकाळी ओटीवर बसून त्याने सर्वांसमक्ष सांगावे की नळाला पाणी अमुक वेळी येते, टाकीत इतके मावते, आपण इतकी माणसे आहोत, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला एवढ्या बादल्या. यात अपमान कसला? ताटात वाढलेली मासळी सर्वांना पुरावी म्हणून घरची बाई तुकडे मोजून वाढते तेव्हा कोणाला अपमान वाटत नाही.

हिशेब केल्यावाचून हे पटणार नाही. म्हणून एक साधा हिशेब करू. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी राज्य सरकारने दरमहा सोळा घनमीटर, म्हणजे १६,००० लिटरपर्यंत घरगुती पाणी मोफत देण्याची घोषणा केली होती. निवडणुका तोंडावर असताना फुकट वाटल्या जाणाऱ्या वस्तूंविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही, पण एका कुटुंबाला महिन्याला किती पाणी पुरावे याचा एक सरकारी अंदाज म्हणून तो आकडा उपयोगी आहे. त्याला तिसांनी भागले की दिवसाला सुमारे ५३३ लिटर होतात. घरात पाच माणसे असली तर माणशी १०७ लिटर. काटकसरीने राहणाऱ्याला हे पुष्कळ आहे. आता मे महिना आला आणि पाचाची बारा माणसे झाली. नळ काही पाहुणे मोजून पाणी सोडीत नाही. तेच ५३३ लिटर बारांत वाटले की माणशी ४४ लिटर येतात. केंद्र सरकारच्या जलजीवन मोहिमेने खेड्यातील माणसासाठी जी किमान पातळी धरली ती ५५ लिटरांची. म्हणजे आपले भरले गोकुळ त्या किमान पातळीच्याही खाली गेले. साधे तुषारस्नान मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी खाते. पाच मिनिटे त्याखाली उभा राहिलेला पाहुणा आपला दिवसाचा सगळा वाटा तेथेच संपवून बाहेर येतो. त्यानंतर तो जे पितो, जेवतो, कपडे धुतो ते सारे दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातले असते.

यावर जुनी मंडळी सांगतात की आमच्या काळी विहीर होती, पंचवीस माणसे असली तरी पाणी पुरत असे. ते खरे आहे, पण अर्धेच. विहिरीतून पाणी काढताना प्रत्येक घागरीमागे राहटाची ओढ होती. घागर खांद्यावर आणि कमरेवर घेऊन न्हाणीपर्यंत जावे लागे, म्हणून कोणी एक तांब्यासुद्धा उगाच सांडीत नसे. न्हाणीचे पाणी पाटाने माडाच्या आळ्यात आणि केळीच्या बुंध्याशी जाई. तांदळाचे धुवण गाईगुरांना मिळे. भांडी राखेने घासून थोड्या पाण्यात विसळली जात. या सर्व गोष्टी आम्हांला मान्य आहेत. मात्र त्या काळची काटकसर ही बहुतांशी बायकांच्या कमरेची काटकसर होती, हे विसरून तिचे गोडवे गाणे आम्हांला जमणार नाही. आणि त्या विहिरीच्या कठड्याला कोणी हात लावावयाचा व कोणी दूर उभे राहून ओंजळ पुढे करावयाची, याचेही नियम होते. ते दिवस गेले हे फार चांगले झाले. नळ आला ही मुक्तीनंतरच्या गोमंतकातील मोठी सुधारणा आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यातील प्रत्येक ग्रामीण घराला नळजोडणी मिळाल्याचे जाहीर झाले, आणि देशात तसे करणारे हे पहिले राज्य ठरले. नळ असणे आणि नळाला पाणी असणे यांत अंतर आहे हे प्रत्येक गृहिणी सांगेल, पण तो मुद्दा वेगळा. आमचे म्हणणे एवढेच की राहटाबरोबर श्रम गेले ते योग्य झाले, त्याबरोबर मोजमापही गेले ते मात्र गैर झाले. पाणी कोठून येते हे दिसेनासे झाले की त्याची मोजदाद थांबते.

कोठून येते? दक्षिण गोव्यातील वाचकाने या प्रश्नाचे उत्तर याच महिन्यात जाऊन डोळ्यांनी पाहून यावे. सासष्टी, मुरगाव, केपे या तालुक्यांतील असंख्य घरांच्या नळांतून जे पाणी पडते ते सांगे तालुक्यातील साळावली धरणाचे. सुमारे २३ कोटी ४० लाख घनमीटर पाणी साठविणारा हा जलाशय पावसाळ्यात भरून आपल्या गोलाकार सांडव्यातून कोसळू लागला की तो पाहावयास हजारो लोक जातात, छायाचित्रे काढतात. मे महिन्यात तिकडे जाणारे थोडे. पण पाहण्यासारखे असते ते मे महिन्यातच. पाणी उतरते आणि त्याच्या पोटातून कुर्डी गाव वर येते.

घरांचे चौथरे, पडक्या भिंती, वठलेल्या झाडांचे बुंधे, शेताचे बांध, विहिरींचे कठडे असे सारे भेगाळलेल्या चिखलात उघडे पडते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावात १९०४ साली जन्मल्या, आणि या गावाचे नाव त्यांनी हिंदुस्थानभर नेले. माड, काजू, फणस, आंबा आणि भातशेती यांनी समृद्ध असलेल्या या गावातील शेकडो कुटुंबांनी धरणासाठी आपली घरे सोडली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात या धरणाची कल्पना पुढे आली, आणि १९८० नंतरच्या दशकात गाव पाण्याखाली गेले. येथील प्राचीन महादेव मंदिराचा दगडन्‌दगड सुटा करून ते धरणाजवळ पुन्हा उभे करण्यात आले. देवाला हलविता आले. माणसांना वाडे आणि वालकिणी येथे वसविण्यात आले. पण तुळशीवृंदावने, पायवाटा, पूर्वजांची स्मशानभूमी हे काही उचलून नेता येत नव्हते. ते तेथेच राहिले. प्रतिवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीची माणसे परत येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती बांधव आपल्या कपेलाचे फेस्त साजरे करतात. म्हातारी माणसे नातवंडांचे हात धरून चिखलातून चालत जातात आणि येथे आपली ओटी होती, येथे न्हाणी होती, येथे गोठा होता असे दाखवितात. तीही सुट्टीच असते, आणि तेही आपल्या गावच्या घरी येणेच असते. फरक इतकाच की ते घर पावसाच्या चार सरी पडून गेल्या की पुन्हा पाण्याखाली जाते.

ज्यांनी हे पाणी दिले त्या पुनर्वसित लोकांनी, आमच्या गावांना मात्र धरणाचे पाणी पुरेसे मिळत नाही, अशी तक्रार वेळोवेळी मांडली आहे. २०१९ साली परदेशी वृत्तसंस्थांनीही तिची दखल घेतली. मडगावच्या एखाद्या सदनिकेत नळ उघडा ठेवून दाढी करणाऱ्या गृहस्थाने हे एकदा ऐकून ठेवावे. साधारण वेगाने सोडलेला नळ मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी सोडतो. पाच मिनिटांची दाढी म्हणजे दोन बादल्या. त्या बादल्या कोणाच्या तरी परसातून भरून आलेल्या आहेत.

उत्तरेकडे चित्र निराळे असले तरी परावलंबन तेच आहे. पणजी आणि फोंडा यांची तहान ओपा येथे खांडेपार नदीतून उचललेल्या पाण्यावर भागते, आणि ही खांडेपार म्हादईच्याच खोऱ्यातली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपार येथे मुख्य जलवाहिनी फुटली आणि तिसवाडी व फोंडा या दोन तालुक्यांचे नळ कित्येक दिवस कोरडे पडले. बाहेर पावसाची झड लागली होती, पागोळ्या अखंड गळत होत्या, आणि राजधानीतील सुशिक्षित नागरिक बादल्या घेऊन टँकरमागे धावत होते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशाचे हे चित्र आहे. बार्देशातील अस्नोड्याच्या प्रकल्पाला तिळारीचे पाणी लांबच्या कालव्यातून यावे लागते. त्या कालव्याला भगदाड पडल्याची बातमी अधूनमधून वाचावयास मिळते, आणि त्यानंतरच्या दिवसांत म्हापशाच्या घरांतून काय चालते ते म्हापसेकरांना सांगण्याची गरज नाही.

आमचा हा लेख वाचून काही वाचक संतापतील, आणि त्यांचा संताप अनाठायी नाही. ते म्हणतील, समुद्रकाठच्या हॉटेलांचे तरणतलाव काठोकाठ भरलेले असतात, त्यांच्या हिरवळीवर भर दुपारी फवारे चालतात, डोंगर कापून उभारलेल्या परप्रांतीयांच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरांना पाणी मिळते, आणि आम्ही मात्र आमच्या नातवंडांच्या बादल्या मोजावयाच्या? शिवाय शुद्ध केलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा गळतीत आणि चोरीत जातो, त्याची दाद कोणी लावावयाची? हे प्रश्न रास्त आहेत. जे पाणी शुद्ध होऊन निघते त्यातील बरेचसे बिलावर चढतच नाही, हे सरकारनेही मान्य केलेले आहे. रस्त्याकडेला फुटलेल्या नळातून आठ-आठ दिवस पाणी वाहत असते आणि तक्रार केलेल्या माणसाला “फाईल वर गेली आहे” असे उत्तर मिळते, हा अनुभव कोणत्या गावाला नाही? खाजगी विहिरींतून टँकर भरून ते हॉटेलांना आणि बांधकामांना विकण्याचा धंदा सुट्टीच्या मोसमात तेजीत असतो. गोव्यात २००२ साली भूजल नियमनाचा कायदा झाला. विहिरींची नोंदणी आणि उपशाला परवानगी ही त्यातील तरतूद आहे. तिची अंमलबजावणी कशी होते ते पाहावयाचे असेल तर एखाद्या संध्याकाळी किनारपट्टीच्या मागील गावांतून फिरून यावे.

पण म्हणून काय? सरकारच्या नळाला गळती आहे हे आपल्या नळाच्या गळतीचे समर्थन होऊ शकत नाही. ज्याने आपल्या घराची पाण्याची वही नीट ठेवली आहे तोच खात्याच्या अधिकाऱ्यासमोर टेबलावर हात आपटून बोलू शकतो. परदेशी मालावर बहिष्कार घालणाऱ्यांनी प्रथम आपल्या अंगावरचे कापड बदलले, मग होळी पेटविली. त्या पिढीला हा क्रम ठाऊक होता. आज तो उलटा झाला आहे. मोर्चा आधी, आणि घरची चकती सवड झाली तर.

तेव्हा घरातल्या गोष्टींकडे येऊ. त्या लहान आहेत, म्हणूनच त्या राहून जातात. सर्वांत मोठा अपव्यय गच्चीवरच्या टाकीचा. पंप सुरू करून मनुष्य वर्तमानपत्र वाचीत बसतो आणि टाकी ओसंडून भिंतीवरून पाणी वाहू लागले म्हणजे उठतो. एका सकाळच्या ओसंडण्यात एका पाहुण्याचे दिवसाचे पाणी सहज जाते. टाकीला साधा तरंगता गोळा बसवावा. तो असेल आणि बिघडलेला असेल तर नळ-कारागिराला आजच बोलवावे. पाहुणे आल्यावर बोलावून उपयोग नाही, कारण मे महिन्यात कारागीरही कोणाच्या तरी लग्नाला गेलेला असतो. दुसरे ठिबकणारे नळ. कोणता नळ किती गळतो यावर वाद घालण्याऐवजी रात्री निजताना त्याखाली एक कळशी ठेवावी आणि सकाळी पाहावे. कळशीत काय आहे ते घरातील सर्वांना दाखवावे. आमच्या अनुभवाने सांगतो, भाषणापेक्षा त्या कळशीचा परिणाम अधिक होतो.

शौचकूपाच्या जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर आणि क्वचित त्याहून जास्त पाणी सोडतात. बारा माणसांचे घर म्हणजे ती टाकी दिवसातून पन्नासदा सहज ओढली जाणार. पाचशे लिटर तेथेच गेले. म्हणजे वर मांडलेल्या हिशेबातील साऱ्या कुटुंबाचे दिवसाचे पाणी ज्या जागेविषयी आपण पाहुण्यांशी कधी बोलत नाही तेथे वाहून गेले. त्या टाकीत पाण्याने भरलेली एक-दोन लिटरची बाटली उभी करून ठेवली की प्रत्येक वेळी तेवढे पाणी वाचते. नवी टाकी बसविणार असाल तर दोन कळांची बसवावी. न्हाणीत तुषारयंत्राची तोटी सुट्टीपुरती बंद ठेवावी आणि बादली व तांब्या ठेवावा. पंधरा-वीस लिटरच्या एका बादलीत मोठ्या माणसाची आंघोळ उत्तम होते. आपण सारे तशीच करून वाढलो. ओल्या अंगाने समुद्रावरून आलेल्या मुलांना प्रत्येकी वेगळी आंघोळ घालण्यापेक्षा अंगणात माडाच्या आळ्यात उभे करून तांब्याने पाणी ओतावे. मुलांनाही त्यात अधिक मजा वाटते आणि माडालाही.

पिण्याचे पाणी गाळण्याची जी विजेवर चालणारी यंत्रे घरोघरी आली आहेत त्यांविषयी दोन शब्द. त्यांतील पडद्याचे यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर नळीवाटे फेकून देते. पाहुण्यांच्या दिवसांत वीस लिटर प्यायचे पाणी लागले तर चाळीस-साठ लिटर मोरीत गेले म्हणून समजावे. ती नळी बादलीत सोडावी. त्या पाण्याने लादी पुसता येते, मोरी धुता येते, गाडी पुसता येते. आणि ज्यांच्या नळाचे पाणी मुळात गोड आहे त्यांना या यंत्राची गरज आहे काय, हेही एकदा जाणत्याला विचारून घ्यावे. दुकानदाराला विचारू नये. पाहुण्यापुढे पाणी ठेवताना तांब्या-भांडे ठेवावे, म्हणजे ज्याला जेवढे हवे तेवढे तो ओतून घेईल. भरलेले दहा पेले तबकातून फिरवावयाचे आणि अर्धे उष्टे मोरीत ओतावयाचे, ही पद्धत कोठून आली कोण जाणे. आपल्या आज्यांची नव्हे.

भांडी आणि कपडे यांचे म्हणाल तर तेथे पाहुण्यांचे हात लागावेत. जो ताट स्वतः विसळतो त्याला नळाची धार बारीक ठेवण्याची बुद्धी आपोआप होते. आमच्या समाजात पुरुष पाहुण्याने ताट विसळावे ही सूचना क्रांतिकारक वाटेल, आणि काही घरांत तिच्यावर गहजबही होईल. होऊ द्यावा. धुणे रोज दोन-चार कपड्यांसाठी यंत्र फिरवून धुण्यापेक्षा दिवसाआड पूर्ण भरून धुवावे, आणि शेवटच्या विसळणीचे पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला राखावे.

म्हादईविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. २०१० साली नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला आणि कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ व गोव्याला २४ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या डिसेंबरात कळसा-भंडुरा योजनेच्या सुधारित अहवालाला केंद्रीय जल आयोगाची मान्यता मिळाली तेव्हा गोमंतकात जो क्षोभ उसळला तो आम्हांला योग्यच वाटला, आजही वाटतो. खोऱ्याबाहेर वळविलेले पाणी परत येत नाही, आणि खालच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा रेटा वाढला तर खाजन शेती व गोड्या विहिरी यांचे काय होईल याची चिंता रास्त आहे. पण या वादात प्रतिपक्षाचा एक युक्तिवाद नेहमी असतो, तो असा की गोव्याला मिळालेले पाणी तो वापरीत नाही, ते समुद्राला जाते. त्याला उत्तर देताना नदीचे समुद्राला जाणे हाही पाण्याचा वापरच आहे, मासळी आणि खाजने त्यावर जगतात, असे आम्ही छातीठोकपणे सांगतो. ते सांगताना आपल्या गच्चीवरची टाकी ओसंडत नसावी, एवढी काळजी घ्यावी. भंडुऱ्याच्या पाण्याची आस लावून बसलेला हुबळी-धारवाडचा माणूस सुट्टीत गोव्याला येतोच, आणि तो डोळे मिटून येत नाही.

सुट्टी अजून सरलेली नाही, म्हणून आणखी एका कामाची आठवण. पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे पुरुमेंत भरण्याची रीत आहे. सुकी मासळी, मिरच्या, सोले, कडधान्ये, सरपण, सारे मे महिन्यात साठविले जाते, कारण पुढचे चार महिने मिळणार नाही. पावसाळ्यासाठी आपण मे महिन्यात इतके साठवितो, मग मे महिन्यासाठी पावसाळ्यात काय साठवितो? शंभर चौरस मीटरच्या छपरावर गोव्याच्या सरासरी पावसात तीन लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी दोन लाख चाळीस हजार उरतात, म्हणजे दरमहा सोळा हजारांच्या हिशेबाने पंधरा महिन्यांचे पाणी. ते सगळे टाकीत मावणार नाही हे उघड आहे. आपला जांभा खडक पाणी चटकन पितो तसे ते चटकन सोडूनही देतो, म्हणून जुलैत विहिरीत मुरविलेले सारेच पाणी मे महिन्यापर्यंत थांबेल अशी आशा कोणी बाळगू नये. पण विहिरीचा तळ दिसण्याचा दिवस त्याने पुढे जातो, आणि चतुर्थीला पुन्हा घर भरते तेव्हा नळावरचा भार हलका होतो, एवढा लाभ पदरात पडतो.

त्यासाठी छपराच्या पागोळीला पन्हळ लावावी लागते, तिचे पहिल्या पावसाचे गढूळ पाणी बाहेर सोडण्याची सोय करावी लागते, आणि वाळू-खडीच्या गाळणीतून ते विहिरीत उतरवावे लागते. विहीर आधी उपसून, गाळ काढून घ्यावी लागते. जाणता माणूस बोलावल्याखेरीज आणि कंदील सोडून आतली हवा पाहिल्याखेरीज कोणी खाली उतरू नये. पाणी तळाला आहे आणि घरात तरुण हात आहेत, असे दिवस वर्षातून हेच. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते, आणि मुंबईच्या पाहुण्यांची परतीची तिकिटे बहुधा त्याआधीचीच असतात.